तक्रार आधीच नोंदली आहे

१

निरंजनराव महाजन गाडी चालवायला शिकले ते साठी ओलांडल्यावर. नेपानगरच्या कागद कारखान्यात चौतीस वर्षं पाळ्या केल्या, तेवढा काळ आधी सायकल आणि मग एक लुना पुरली. निवृत्त होऊन बऱ्हाणपूरला राहायला आले, तेव्हा मुलाने, हर्षलने, इंदूरहून आपली पांढरी गाडी आणून दारात उभी केली. "बाबा, आता शिकाच," म्हणाला. शिकले. पण चालवायचे ते कारखान्यातल्या माणसासारखे. आधी पट्टा, मग आरसे, मग चावी. उतरताना आधी चावी खिशात, मग दार. बायको, कोकिळाबाई, त्यांना हसायच्या. "देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढं ध्यान नसतं तुमचं."

त्या गुरुवारी मात्र त्यांचं मन गाडीच्या पुढे पळत होतं. सून भूमिका बाळंतपणासाठी माहेरी शाहपूरला होती. तिला आणि तीन महिन्यांच्या नातीला घरी आणायचा दिवस. हर्षलला सुट्टी शनिवारची, आणि गुरुजींनी सांगितला गुरुवार. मग आजोबाच निघाले. कोकिळाबाईंनी मागच्या सीटवर गोधडी अंथरून दिली. मागच्या दोन्ही काचांना आतून आपल्या जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे लावले. एप्रिलचं ऊन, बाळाच्या डोळ्यांवर नको.

"मी नाही येत, घरचं आवरते," त्या म्हणाल्या. "सावकाश आणा त्यांना."

गाव मागे पडलं. दोन्ही अंगांना केळीच्या बागा, मध्ये काळा रस्ता, त्यावर पाणी सांडल्यासारखा उन्हाचा झळाळ. अर्ध्या वाटेवर एका लिंबाखाली उसाच्या रसाचं दुकान दिसलं आणि निरंजनरावांना घसा कोरडा पडल्याचं जाणवलं. गाडी सावलीला लावली. इंजिन बंद केलं, उतरले, दार लावलं. दोन पावलं गेले असतील, तेवढ्यात मागून आवाज आला. टक्. चारी दारांचं कुलूप एकदम पडल्यावर येतो तो.

त्यांचा हात खिशावर गेला. चावी नव्हती. मोबाईलही आतच राहिला होता.

२

दुकान मालूबाई नावाच्या एका पन्नाशीच्या बाईचं होतं. तिने आधी रस दिला आणि मग सगळं ऐकून घेतलं.

"असं होतं दादा. माझ्या भाच्याचंबी झालं होतं. त्याने तं काचच फोडली. तुम्ही नका फोडू. नंबर हाय ना मागं लिहिलेला?"

गाडीच्या मागच्या काचेवर मदत-सेवेचं स्टिकर होतं. हर्षलने दर वर्षी पैसे भरून ती चालू ठेवली होती, पण आजवर कधी फोन करायची वेळ आली नव्हती. मालूबाईने आपला मोबाईल पुढे केला. निरंजनरावांनी नंबर लावला, गाडीचा क्रमांक सांगितला. पलीकडे एक मुलगी होती. हिंदीत, अगदी नम्र आवाजात बोलत होती.

"सर, इस गाड़ी की कंप्लेंट तो आ चुकी है. मैकेनिक निकल गया है."

"नाही हो, मी आत्ताच करतोय. पहली बार."

"आपके ही रजिस्टर्ड नंबर से आई है सर. दस बजकर बाईस मिनट पर."

निरंजनरावांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. अकराला दहा कमी होती. रसाच्या दुकानाशी येऊन त्यांना पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती. दहा बावीसला ते गाडी चालवत होते. मोबाईल समोरच्या पकडीत होता, त्यांच्या डोळ्यांपुढे.

"किसने किया?"

मुलगी वाचून दाखवत असावी. तिचा आवाज जरा सपाट झाला. एका बाईंचा फोन होता. गाडीचं दार लागलंय, आतून उघडत नाही, सोबत लहान बाळ आहे. बाळ असलं की तक्रार सगळ्यात आधी घेतात, म्हणून माणूस लगेच पाठवला.

"मैडम एकदम शांत थीं सर," ती मुलगी म्हणाली. ही ओळ लिहिलेली नव्हती, तिला आठवत होती. "बोलीं, बच्चा सो रहा है, जल्दी नहीं है. बस, आवाज़ मत करना."

३

कारखान्यात काही बिघडलं की निरंजनराव आधी मीटरवर संशय घ्यायचे आणि मग यंत्रावर. आताही त्यांनी तेच केलं. कोणाची तरी तक्रार कोणाच्या तरी नावावर चढली. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला. देशभरातून फोन येत असतील त्या पोरीला.

तरी ते गाडीपाशी गेले. पुढच्या काचेवर लिंबाची पानं आणि आभाळ दिसत होतं, आतलं काही नाही. दोन्ही हातांचा आडोसा करून त्यांनी काचेला कपाळ टेकवलं. चावी जागेवर लोंबत होती. पाण्याची बाटली होती. मोबाईलची पकड रिकामी होती.

मागची सीट तिथून अर्धीच दिसायची. गोधडीची कड दिसली. कोकिळाबाईंनी ती ताठ अंथरली होती. आता तिला मध्ये खळगा पडलेला वाटत होता. पण गोधडी सरकते. रस्त्याला खड्डे काय कमी होते?

त्यांनी मालूबाईचा फोन पुन्हा मागितला आणि शाहपूरला लावला. भूमिकाचा नंबर पाठ होता.

"बाबा, कुठे आहात?" ती कुजबुजत बोलली. "बाळ झोपलंय आत्ताच."

"बरी आहे ना ती?"

"एकदम. का? मीच बसलीये पाळण्याजवळ."

"काही नाही. गाडी जरा अडलीये. उशीर होईल."

"होऊ द्या. घाई नाही," भूमिका म्हणाली.

त्यांना बरं वाटलं. मग वाटलं, आता हा विषय कायमचा मिटवावा. त्यांनी स्वतःचाच नंबर लावला.

काचेतून ओळखीची घंटी ऐकू आली. समोरून नव्हे, मागून, लुगड्याच्या तुकड्यांआडून. मोबाईल पकडीतून निसटून मागे गेला असणार, हे ते स्वतःला सांगत होते, तेवढ्यात घंटी मध्येच थांबली.

त्यांच्या हातातल्या फोनवर सेकंद मोजायला सुरुवात झाली. एक. दोन. तीन.

निरंजनरावांनी फोन कानाला लावला. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. मऊ, एका लयीतला आवाज होता. थप, थप, थप. आधी उमगला नाही. मग उमगला. हर्षल लहान असताना कोकिळा रात्र रात्र हाच आवाज करत बसायची. खांद्यावरच्या मुलाच्या पाठीवर सपाट हाताने थोपटण्याचा.

त्यांनी फोन बंद केला आणि मालूबाईला परत दिला.

"लागला?" तिने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. का खोटं बोललो, हे त्यांनाही कळलं नाही.

४

मदतीचा माणूस मोटरसायकलवरून आला. दगा त्याचं नाव, तापीपलीकडच्या जैनाबादचा. पंचेचाळीस-पन्नासचा, खांद्याला झोळी, मिशीला मेंदी. गाडी लांबच थांबवली त्याने, इंजिन बंद केलं आणि ती ढकलत आणली.

"अशी का आणली?" निरंजनरावांनी विचारलं.

"बाळ झोपेल हाय ना भाऊ," दगा हळू आवाजात म्हणाला. "बाई बोलल्या मले. रस्त्यात फोन आला होता त्यांचा, कुठलोग आले म्हणे."

"दगाभाऊ, आत कोणी नाही."

दगाने त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. वाद घालण्यात त्याला रस दिसला नाही. बायकोशी भांडून उतरलेले नवरे, दारू पिऊन चावी हरवलेले नवरे, त्याने बरेच पाहिले असावेत.

"नसू द्या. दरवाजा तं खोलनाच हाय," तो म्हणाला. "गाडी तुमचीच ना?"

निरंजनरावांनी पाकिटातून लायसन काढून दाखवलं. दगाने झोळीतून रबराची चपटी पिशवी काढली, दाराच्या वरच्या फटीत सरकवली आणि हातातला फुगा दाबू लागला. पिशवी फुगली तसं दार बोटभर बाहेर आलं.

त्या फटीतून हवा आली. निरंजनराव जवळच उभे होते, त्यांच्या थेट तोंडावर. सावली केव्हाच सरकली होती, पाऊण तास गाडी भर उन्हात उभी होती. आतून भट्टीसारखी वाफ यायला हवी होती. आली ती गार हवा, सारवलेल्या खोलीतली. आणि तिला वास होता. ओवा, बाळंतशेपा, निखाऱ्यावर टाकलेल्या धुरीचा. कोमट तेलाचा. बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर दार लावून घेतलेल्या खोलीत येतो तो.

दगालाही तो आला. त्याचा हात क्षणभर थांबला.

"सुनेला आणायला चाललोय मी," निरंजनराव म्हणाले. "अजून आणलं नाहीये. माझी नात शाहपूरला आहे. आत्ता बोललो मी."

"हां," दगा म्हणाला. त्याने झोळीतून लोखंडी सळई काढली आणि सवयीने फटीत सरकवली. मग म्हणाला, "मग खोलू का नको, भाऊ?"

निरंजनरावांनी या क्षणी काय ठरवलं असतं, ते सांगता येत नाही. ठरवायची वेळच आली नाही. दगाची लोखंडी सळई फटीतून आत गेली होती, पण कुलपाच्या बटणापासून अजून वीतभर लांब होती. ती हलली. कोणीतरी तिचं टोक धरावं आणि अलगद बाजूला सारावं, लेकराच्या हातातली सुरी काढून घेतात तसं.

टक्.

कुलूप उघडलं.

"मी नाही दाबलं," दगा म्हणाला.

दोघंही दाराच्या मुठीकडे बघत उभे राहिले. रस्त्यावरून केळी भरलेला ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी किंचित डुलली. मागच्या काचेवरचा लुगड्याचा तुकडा एका कोपऱ्यात सुटला होता, तिथून उन्हाची तिरीप आत जात होती. आतून चार बोटं आली. बाईची, हिरव्या बांगड्या चढलेल्या मनगटाची. त्या बोटांनी तो कोपरा नीट धरला, काचेवर सारखा केला आणि ऊन बंद केलं. घाई नव्हती. तिरीप कुणाच्या तरी डोळ्यांवर येत होती, एवढंच.

५

दगाने सळई काढून घेतली. पिशवीतली हवा सोडली. दार जागेवर बसलं. हे सगळं त्याने आवाज न करता केलं.

त्याच्या खिशात मोबाईल थरथरला. त्याने वाचलं आणि निरंजनरावांपुढे धरलं. कंपनीचा संदेश होता. ग्राहकाने सेवा मिळाल्याचं कळवलं आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे, धन्यवाद.

"तुम्ही कळवलं?"

"माझा फोन आत आहे," निरंजनराव म्हणाले.

पुढे काय करायचं हे मात्र त्यांना लख्ख कळलं, आणि त्या स्पष्टपणाचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. ही गाडी शाहपूरला न्यायची नाही. या गोधडीवर नात ठेवायची नाही. बाकी मग बघता येईल.

"मला शाहपूरला सोडता?"

"बसा."

"किल्ली आतच आहे. दार उघडं आहे गाडीचं. कोणी नेली तर?"

दगाने मोटरसायकलला किक मारली नाही. आधी ती ढकलत बरीच पुढे नेली. "नेऊ द्या," तो तेव्हा म्हणाला.

शाहपूरच्या वेशीपाशी दगाने एकदाच मान वळवून विचारलं, "बाळ पोरगी हाय का भाऊ?"

"हो."

"तिला आज नका नेऊ," तो म्हणाला. आणि हेच त्या दोघांचं शेवटचं बोलणं ठरलं.

६

नात पाळण्यात होती. निरंजनरावांनी हात धुतले आणि तिला उचललं. ती ऊबदार होती, जड होती, तिने तोंड वेडंवाकडं करून त्यांच्या सदऱ्यावर दूध काढलं. त्या दुधाचा आंबूस वास आला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ही खरी. बाकी जे काय असेल ते असो.

विहीणबाईंनी जेवायला वाढलं. गाडी बंद पडली, एवढंच निरंजनरावांनी सांगितलं. आजच्याऐवजी शनिवारी न्यावं, असंही सुचवून पाहिलं. पण भूमिकाच्या पिशव्या भरून दारात होत्या, ओटी भरून झाली होती, आणि तीन महिन्यांनी स्वतःच्या घरी जायचं म्हणून तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून त्यांना जोर करवला नाही. उन्हात, रस्त्यावर, रसवंतीपाशी जे होतं ते तिथेच राहिलं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. घर तर आपलं होतं.

"काका, मी सोडतो ना. टेंशन कायको लेते हो?" भूमिकाचा मोठा भाऊ गौरव म्हणाला. त्याची स्वतःची गाडी होती.

तीनच्या सुमाराला निघाले. भूमिका बाळाला घेऊन मागे, निरंजनराव पुढे. लिंबाचं झाड लांबून दिसायला लागलं तसे ते ताठ बसले. मालूबाई ग्लास विसळत होती. झाडाखाली गाडी नव्हती.

"इथेच होती ना?" गौरवने वेग कमी केला. "थांबू? विचारू तिला?"

"नको. चल."

"अरे पण काका, चोरीला गेली असेल तर..."

"गौरव, तू चल."

त्यांनी गौरवचा मोबाईल घेऊन घरी लावला. घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला. कोकिळाबाई दुपारी फोन स्वयंपाकघरात ठेवून झोपतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण आज त्या झोपणार नव्हत्या. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फोन बिझी लागला.

"बाबा, काय झालं?" भूमिकाने मागून विचारलं.

"आई फोनवर आहे कुणाशी तरी," ते म्हणाले.

७

गल्लीच्या तोंडाशी वळल्याबरोबर त्यांना पांढरी गाडी दिसली. दारासमोर, रोजच्या जागी, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून, ते स्वतः लावत तशी. मागची दोन्ही दारं उघडी होती. काचांवरचे तुकडे काढून घेतलेले होते, गोधडीही नव्हती.

"लो, गाडी तर इथेच आहे!" गौरव हसला.

"इथेच थांबव. पुढे नको नेऊ." निरंजनराव दार उघडून उतरले आणि मग वाकून म्हणाले, "भूमिका, उतरू नकोस. गौरव, हिला परत घेऊन जा. आत्ता. वाटेत कुठे थांबू नका. हर्षल येईपर्यंत तिकडेच राहा."

"बाबा?"

"बेटा, मी सांगतोय म्हणून."

भूमिकाने कधी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. तिने बाळाला छातीशी धरलं. गौरवने गाडी मागे घेतली. ती वळून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत निरंजनराव तिथेच उभे राहिले. मग घराकडे निघाले.

उंबऱ्यावर कुंकवाचं पाणी सांडलं होतं. भाकरीचा तुकडा ओवाळून बाजूला टाकलेला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. म्हणजे होऊन बराच वेळ झाला होता. बाहेरच्या खोलीची खिडकी उघडी होती, आणि आतून तोच वास येत होता. ओवा, शेपा, धूर.

"कोकिळा," त्यांनी हाक मारली. मोठ्याने नाही.

कोकिळाबाई खिडकीशी आल्या. डोळे भरून आले होते त्यांचे, आनंदाने. छातीशी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि त्या एका हाताने त्याला थोपटत होत्या.

"अहो, होतात कुठे तुम्ही? मला वाटलं गाडी लावताय," त्या कुजबुजल्या. "भूमिकाला ओवाळलं, आत घेतलं. दमलीये पोरगी, तोंडावरचा पदरसुद्धा बाजूला घेतला नाही, तशीच आतल्या खोलीत जाऊन पडली. फोन घेऊ की हिला घेऊ, मला काही सुचेना."

"बाळाचं तोंड पाहिलंस?"

"झाकलंय अजून. उजेडाने उठेल ना."

आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. कोणीतरी कूस बदलली असावी.

निरंजनरावांनी खिडकीच्या गजांवर हात ठेवला. आपला आवाज शांत राहील एवढीच काळजी त्यांनी घेतली. "कोकिळा, माझं ऐक. तिला खाली ठेव. तिथेच, जमिनीवर. आणि तू बाहेर ये माझ्याकडे."

कोकिळाबाईंनी गोधडीकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं. त्यांचा दुसरा हात गोधडीच्या आत होता, मनगटापर्यंत.

"अहो, कशी ठेवू?" त्या म्हणाल्या. "बोट धरलंय तिने. सोडतच नाही."

निरंजनरावांनी सवयीने चपला दाराबाहेर काढल्या, आणि ते आत गेले.